वाचकांचे प्रश्न : निळा वाडा, भिंतीतली नीळ आणि तान का कींचं घर

प्रश्न : डिसेंबरात आम्ही मलेशियाला निघालोय. पेनांगमधलं च्योंग फॅट झी या चिनी दानशूर व्यापाऱ्याचं निळं घर यादीत आहे. मुलांचं म्हणणं, बाहेरून फोटो काढून निघू. आत जाण्यासारखं आहे का? आणि पोचायचं कसं?
(एक वाचक, सदाशिव पेठ)

आत जाच. बाहेरून दिसतो तो फक्त रंग. घर कसं चालतं ते चौकात उभं राहिल्यावर कळतं, आणि वाडा पाहिलेल्या माणसाला ते लवकर कळतं.

क्वालालंपूरहून पेनांगला विमानाने साधारण एक तास लागतो. रेल्वेने बटरवर्थपर्यंत चार तासांच्या आसपास आणि पुढे फेरीबोट. मुलं बरोबर असतील तर हा रस्ता जास्त मजेचा. विमानतळावरून ४०१ किंवा ४०१ई ही बस पेनांगच्या जॉर्ज टाउन शहरातल्या कोमतार या बसथांब्यापर्यंत नेते. तिथून लीथ स्ट्रीटवरचं १४ नंबरचं घर चालत गाठता येतं. मलेशियाचं डिजिटल आगमनपत्र पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं. ते विसरलं की विमानतळावर मोबाइलवर घाईघाईने भरत बसावं लागतं. भारतीयांना मिळणारी व्हिसा सवलत ठरावीक मुदतीची असते, तेव्हा तिकीट काढण्याआधी चालू नियम पाहून घ्या.

या घरात आता हॉटेल चालतं, त्यामुळे मुक्कामाच्या खोल्या बाकीच्या पाहुण्यांना बंद असतात. पाहण्याच्या वेळा हॉटेलच्या सोयीने बदलतात. आदल्या दिवशी घराच्या अधिकृत संकेतस्थळावर बघून जा, नाहीतर दारातून परत फिराल. एक तास पुरतो, दीड ठेवलात तर निवांत.

च्योंग १८४० साली चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातल्या दाबू इथे जन्मले. गरिबीत घर सोडून आग्नेय आशियात आले, व्यापारात मोठे झाले, पुढे पेनांगमध्ये चीनचे उपवाणिज्यदूतही होते. १८९२ साली त्यांनी चीनमध्ये यानताई इथे चांगयू हा वाइनचा कारखाना काढला. पेनांगमधल्या १९०४ च्या चुंग ह्वा शाळेमागे तेच, आणि तिथल्याच केक लोक सी या बौद्ध मंदिराच्या मोठ्या देणगीदारांतही त्यांचं नाव आहे. १९१६ साली ते वारले. धाकटा मुलगा हयात आहे तोवर घर विकायचं नाही, असं त्यांच्या मृत्युपत्रात होतं असं सांगतात. तो मुलगा १९८९ साली गेला, तोपर्यंत घर भाडेकरूंनी भरलं होतं आणि खिळखिळं झालं होतं. (पुण्यातल्या वाचकाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.) नव्या मालकांनी दुरुस्ती केली आणि २००० साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा जतनाचा सर्वोच्च पुरस्कार या घराला मिळाला.

खोल्या ३८, चौक ५, जिने ७, खिडक्या २२०. हे आकडे तिथे सांगतीलच. तुम्ही मधल्या चौकात थांबा. फरशी ग्रॅनाइटची आणि भोवतालच्या जमिनीपेक्षा खाली. छपरावरचं पाणी चौकात उतरतं. चिनी समजुतीत पाणी म्हणजे धन, म्हणून ते आत यावं आणि सावकाश जावं. व्यवहारात फायदा असा की ओल्या दगडामुळे आजूबाजूच्या खोल्या गार राहतात, आणि गरम हवा उघड्या चौकातून वर निघून जाते. पाऊस आला तर वैतागू नका, घर बघायची खरी वेळ तीच.

मग लोखंडी खांब पाहा. ते ग्लासगोच्या ओतकामाचे आहेत आणि फरश्या इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या. छपराच्या कडेची फुलं-पक्षी दुरून रंगवलेले वाटतात, पण ते चिनी मातीचे तुकडे आहेत. रंगीत वाडगे पकडीने हवे तसे तोडायचे आणि ओल्या चुन्यात एकेक पाकळी बसवायची. रंगवलेलं काम उन्हापावसात उडून गेलं असतं, हे टिकतं. बारकावे खालून दिसत नाहीत. मोबाइलचा झूम पुरत नाही, लहान दुर्बीण न्या.

शाकाहारी असाल तर जेवायला जॉर्ज टाउनमधल्या लिटल इंडियात जा. वेळ उरला तर चर्च स्ट्रीटवरची हिरवी पेरानाकान (इथल्या चालीरीती उचललेल्या जुन्या चिनी घराण्यांची) हवेलीही बघता येईल. पण तिथे संग्रह मोठा, घर मागे पडतं. एकच जमणार असेल तर निळं.

प्रश्न : तसा निळा रंग आमच्या जुन्या वाड्याच्या भिंतीला देता येईल का? पेंटर म्हणतो, त्याच शेडचा प्लास्टिक पेंट मारू.
(एक वाचक, कसबा पेठ)

येईल, पण पेंटरचं ऐकू नका. पेनांगच्या त्या भिंती विटा-चुन्याच्या आहेत आणि त्यांवर चुना व नीळ यांची सफेदी आहे. ती नीळ त्या काळी भारतातून जात असे. जुनी भिंत जमिनीतली ओल वर खेचते आणि चुन्यातून ती वाफ होऊन निघून जाते. वर प्लास्टिक पेंट किंवा सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, लोणा लागतो आणि वर्ष-दोन वर्षांत पोपडे सुटतात. मग दोष ‘जुन्या भिंतीला’ देतात.

कळीचा चुना लोखंडी पिंपात विरवा. चुना पाण्यात थोडा थोडा टाका. चुन्यावर पाणी ओतलं तर उकळी फुटून अंगावर उडते. डोळ्यांवर चष्मा आणि हातमोजे हवेतच, आणि प्लास्टिकची बादली त्या उष्णतेने मऊ पडते. एक किलो चुन्याला पाच लिटर पाणी घ्या, चोवीस तास ठेवून मांजरपाटातून गाळा. गरम पाण्यात विरघळवलेला २० ग्रॅम डिंक त्यात मिसळा.

नीळ घ्यायची ती अल्ट्रामरीनची पूड. वनस्पतीची खरी नीळ महाग पडते आणि उन्हात विटते. कपड्यांसाठीची पातळ नीळ तर मुळीच नको, तो नुसता रंगद्रव असतो. अल्ट्रामरीनला चुना बाधत नाही, आम्ल बाधतं. तेव्हा अशी भिंत कधी आम्ल असलेल्या क्लीनरने धुऊ नका. पूड आधी थोड्या पाण्यात घोटून मगच चुन्यात घाला, नाहीतर भिंतीवर निळे ओरखडे येतात. एक किलो चुन्याला ५० ग्रॅमपासून सुरुवात करा. शंभराच्या वर गेलात तर रंग हाताला लागू लागतो.

भिंतीवरचा जुना ऑइलपेंट किंवा पुट्टी पूर्ण खरवडा, त्यावर चुना धरत नाही. मग भिंत ओली करून पातळ हात द्या. तीन तरी लागतात. ओला हात जवळजवळ पारदर्शक दिसतो, म्हणून लोक घाबरून दाट मारतात आणि तोच दाट थर वाळल्यावर सुटतो. पातळ हातच दुसऱ्या दिवशी उजळ होऊन भिंत झाकतो. काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत काढा. मे महिन्यात चुना पकडण्याआधीच वाळून भुगा होतो, पावसाळ्यात धुऊन जातो.

प्रश्न : कामानिमित्त चीनमध्ये श्यामेनला आहे, अर्धा दिवस मोकळा मिळेल. शाळा-विद्यापीठ काढणारे चिनी उद्योजक तान का की यांचं घर बघण्यासारखं आहे का?
(एक वाचक, औंध)

आहे. पण पेनांगच्या निळ्या घराचा थाट इथे शोधू नका. साधं दुमजली घर आहे.

आधी नाव. पाट्यांवर, नकाशात आणि टॅक्सीवाल्याच्या तोंडी ते चेन ज्यागेंग असतं. तान का की हा त्यांच्या बोलीतला उच्चार. नाव चिनी अक्षरांत मोबाइलवर साठवून ठेवा. मेट्रोच्या पहिल्या लाइनने जीमेई श्वेचुन स्थानकावर उतरा. गाडी समुद्रातल्या बांधावरून जाते, तेव्हा खिडकीजवळ बसा. तो बांध व्हावा म्हणून आग्रह धरणारेही हेच गृहस्थ. अनेक चिनी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, म्हणून तो दिवस टाळा. नोंदणीसाठी मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. पैसे बहुतेक ठिकाणी अलीपे किंवा वीचॅट या मोबाइल ॲपने देतात, त्याला कार्ड भारतातूनच जोडून न्या. गूगल मॅप स्थानिक वायफायवर चालत नाही. भारतीय सिमच्या रोमिंगवर बहुधा चालतो.

तान १८७४ साली जीमेईत जन्मले, सिंगापुरात अननस आणि रबरात पैसा केला. १९१३ पासून गावात शाळा काढल्या, १९२१ साली श्यामेन विद्यापीठ. १९३४ साली कंपनी बुडाली, तरी १९३७ साली सरकारकडे सोपवेपर्यंत विद्यापीठाचा खर्च त्यांनी ओढला. जपानशी झालेल्या युद्धात हे घर बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं. त्यांनी आधी शाळा उभ्या केल्या, घर नंतर. आतल्या वस्तूंत जुनी छत्री आणि फुटक्या कपाची केलेली मेणबत्तीची बैठक आहे. तिथे थांबा; पाट्या चिनीत असल्या तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करा, आणि भाषांतराची फाइल आधीच उतरवून ठेवा.

उरलेल्या वेळात समुद्राकाठच्या आओ युआन या बागेत चालत जा. १९६१ साली निधन झाल्यावर त्यांना तिथे पुरलं. दगडी कोरीवकाम भरपूर आहे आणि सावली कमी, तेव्हा टोपी न्या.