लिहिता येईल तेच कारण

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रकरणाचा तपशील लिहिला नाहीस, ते योग्यच केलंस. पोटगी मागणारी बाई साक्षीला उभी राहिली की आजीचं बोलणं कानात घुमतं, म्हणतेस. माळकऱ्यांच्या घरात वाढलेल्या मुलीने हे सगळं कोर्टाच्या पायरीशी काढून ठेवायचं का, असं विचारतेस. नाही ठेवायचं. ठेवता येतही नाही. तू एवढंच बघ: मनात आलेलं कारण निकालपत्रात, तुझ्या सहीच्या वर लिहिता येईल का? येत असेल तर लिही. येत नसेल तर त्यावर निकाल देऊ नकोस.

१९९१ साली तालुक्याच्या कोर्टात मी असाच एक पोटगीचा अर्ज फेटाळला. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली महिन्याला फार तर ५०० रुपये पोटगी मिळे. बाई पिंजऱ्यात उभी होती, हातात मुलाची अंगठा तुटलेली चप्पल. मूल मागच्या बाकावर झोपलेलं. उलटतपासात निघालं की ती माहेरी राहत नाही, एका परक्या माणसाच्या घरात भाड्याने राहते. वकिलाने तेवढंच विचारलं, पुढे काही शाबीत केलं नाही. मी लिहिलं, ‘सबळ कारणाशिवाय पतीपासून वेगळी राहते.’ खरं कारण वेगळंच होतं. तिच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, आणि ते माझ्या डोळ्यांत खुपलं होतं. हे मला लिहिता आलं असतं का? नवऱ्याच्या मारहाणीबद्दल तिच्या जबाबात चार ओळी होत्या. मंगळसूत्र त्यानेच मोडून दारूत घातलं, हेही त्याच ओळींत होतं. मी त्या निकालात घेतल्याच नाहीत.

सेशन कोर्टाने रिव्हिजनमध्ये, म्हणजे फेरतपासणीत, माझा हुकूम रद्द करून पोटगी दिली, पण त्याला चौदा महिने लागले. तेवढे दिवस तिने काय केलं असेल, हा विचार मी अजून पुरता करू शकत नाही.

मी वाईट माणूस नव्हतो. बोर्डावर रोज साठ-सत्तर प्रकरणं असायची, आणि आयुष्यात कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. हे बचावासाठी लिहितोय असं तुला वाटेल. थोडं तसंही असेल. पण पैसे खाणाऱ्याला आपण काय करतोय ते ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं. तू ‘सदसद्विवेकबुद्धी’ हा शब्द तीनदा वापरलास, त्याचा मला राग आला. त्या दिवशी माझ्या सदसद्विवेकबुद्धीनेही मला कौलच दिला होता. तिचा भरवसा धरू नकोस, कागदावर लिही.

रखमाबाईंचा खटला पुन्हा वाच. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. १८८४ साली त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी, रखमाबाईंनी नांदायला यावं म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हींनी तो फेटाळला, तेव्हा धर्मात ढवळाढवळ झाली म्हणून केवढा गहजब! आणि पिन्हींनी लिहिलं काय होतं? की असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाहीच, तो इंग्लंडहून आलाय. मूळ तिथल्या चर्चच्या न्यायालयांचं. अपिलात निकाल फिरला, १८८७ मध्ये ‘नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद’ असा हुकूम झाला. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये २००० रुपयांवर तडजोड झाली आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. इंग्लंडने असा दावा १९७० साली मोडीत काढला. आपल्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून तो अजून आहे, आणि लोक तो धर्म समजून लढवतात.

पिन्हींनी कारण उघड लिहिलं, म्हणून ते अपिलात खोडता आलं आणि आज आपल्याला वाचताही येतं. माझं कारण माझ्या पोटात राहिलं; ते कुणाला खोडता आलं नसतं. कळतंय का, मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा का सांगतोय?

एकादशी सोडू नकोस. आजीचं बोलणं आठवलं तर आठवू दे, तेही कच्च्या कागदावर उतरव आणि जबाबातल्या कुठल्या ओळीवर ते टेकतंय ते शोध. पोटगीच्या कलमाचा नंबर आता नव्या संहितेत १४४ झालाय, ५०० रुपयांची कमाल मर्यादाही २००१ सालीच गेली, काम तेच आहे. आणि निकाल थेट स्टेनोला सांगू नकोस, आधी हाताने लिही. सांगताना सराईत वाक्यं तोंडात येतात. ‘सबळ कारणाशिवाय’ माझ्या तोंडात तसंच आलं होतं.

सोबत माझ्या त्या निकालाची नक्कल पाठवतोय. नावं खोडली आहेत. तिसऱ्या पानावर, त्या चार ओळी जिथे यायला हव्या होत्या, तिथे पेन्सिलीने खूण केली आहे.

तुझा,
काका