'ब्लेंडेड'ला 'मिश्र' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: 'ब्लेंडेड व्हिस्की'ला मराठीत 'मिश्र व्हिस्की' म्हणता येईल का? आणि 'ब्लेंडेड' म्हणजे सिंगल माल्टमध्ये (एकाच भट्टीच्या माल्ट व्हिस्कीत) केलेली भेसळच ना?

भेसळ नव्हे. भेसळ चोरून होते. दुधात पाणी घालणारा पाटी लावत नाही. स्कॉच म्हणजे स्कॉटलंडच्या व्हिस्कीच्या ब्लेंडच्या बाटलीवर मात्र तसं सरळ छापलेलं असतं.

त्यात काय मिसळतात ते पाहू. जवाला मोड आणून, वाळवून, आंबवून तांब्याच्या हंड्यात बहुधा दोनदा आसवला की माल्ट व्हिस्की. गहू किंवा मका, सोबत मोडाचा थोडा जव, हे उंच स्तंभात अखंड आसवलं की ग्रेन व्हिस्की. ती हलकी आणि स्वस्त. दोन्ही ओकच्या पिंपांत किमान ३ वर्षं ठेवायच्या. मग ब्लेंडर, म्हणजे मिश्रण जुळवणारा जाणकार, नमुने पाण्याने पातळ करून हुंगतो. चाखण्यापेक्षा नाकावरच भिस्त. वेगवेगळ्या भट्ट्यांची माल्ट, कधी वीसपंचवीससुद्धा, ग्रेनबरोबर जुळवायची. आपल्याकडे चहाच्या दुकानात ममरी आणि डस्ट मिसळून 'फॅमिली मिक्श्चर' बांधून देतात, तसंच काहीसं. उपमा अगदीच ओढूनताणून नाही: 'जॉनी वॉकर' ज्यांच्या नावाची, ते स्कॉटलंडमधल्या किल्मार्नॉकचे जॉन वॉकर मुळात किराणा दुकानदारच. माल्ट आणि ग्रेन कर भरण्याआधी गोदामातच मिसळायची मोकळीक १८६०च्या ब्रिटिश कायद्याने दिली, आणि एडिंबराचे व्हिस्की व्यापारी अँड्र्यू अशर यांनी तिचा चांगलाच फायदा उठवला.

मिसळलेला माल काही जण पुन्हा काही काळ पिंपात ठेवतात. धंद्यात याला चक्क 'मॅरीइंग' म्हणतात. मराठीत लग्न लावायची गरज नाही, आपल्याकडे 'मुरणं' आहे. लोणच्यात फोडी, मीठ आणि मोहरी जशी एकमेकांत मुरतात, तसंच इथे. शेवटी पाणी घालून बाटलीसाठी हवी तेवढी तीव्रता आणायची, पण ४० टक्क्यांच्या खाली नाही.

म्हणून 'मिश्र' चालेल. 'मिश्रधातू'त तो रुळलेलाच आहे. अडचण एकच. 'ब्लेंडेड माल्ट'मध्ये ग्रेन नसतेच, नुसती निरनिराळ्या भट्ट्यांची माल्ट असतात. 'ब्लेंडेड स्कॉच'मध्ये माल्ट आणि ग्रेन दोन्ही. विशेषण तेच, मिश्रण वेगळं. तेव्हा भाषांतर करताना 'मिश्र माल्ट' आणि 'माल्ट-ग्रेन मिश्रण' असे दोन शब्द वापरा. 'सिंगल'चं 'एकेरी' करू नका. तिथे 'एकाच भट्टीची' एवढाच अर्थ आहे, एकाच पिंपाची नव्हे.

आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त 'व्हिस्कीं'त मळीपासून काढलेला मद्यार्क असतो. युरोपीय संघात असा माल व्हिस्की म्हणून विकता येत नाही. त्याला 'मिश्र' म्हणायचं की आणखी काही, हे साखर कारखान्याच्या गावचा माणूस म्हणून मी तुमच्यावर सोडतो.

आणि लेबलवर '१२ वर्षं' असेल, तर तो आकडा मिश्रणातल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचा असतो.