बाळ येतंय, बायको रजेवर जातेय, तर मॉर्गेजवरचं ओव्हरपेमेंट चालू ठेवावं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं की यूकेत राहताय, बाळ यायला तीनेक महिने आहेत, बायको वर्षभर रजा घेणार, दोघांचे पगार चालू होते तेव्हापासून मॉर्गेजवर (घराच्या कर्जावर) दर महिन्याला हप्त्यापेक्षा 300 पौंड जास्तीचे भरताय, फिक्स (काही वर्षांसाठी बांधलेला व्याजदर) पुढच्या वर्षी संपतंय, तर हे असंच चालू ठेवायचं की थांबवायचं.

माझ्या मते थांबवा, आणि बाळ यायची वाट न बघता या महिन्यापासूनच. पण थांबवा म्हणजे ते 300 घरखर्चात मिसळू देऊ नका. स्टँडिंग ऑर्डर (दरमहा खात्यातून आपोआप जाणारी रक्कम) तशीच ठेवायची, फक्त पैसे मॉर्गेजऐवजी वेगळ्या सेव्हिंग्ज खात्यात पडले पाहिजेत, शक्यतो रोजच्या बँकेच्या अॅपमध्ये दिसणारच नाही अशा खात्यात.

कारण साधं आहे, घरात घातलेला पैसा परत निघत नाही. काही मॉर्गेजमध्ये जास्त भरलेलं परत काढता येतं किंवा तेवढे हप्ते कमी भरता येतात, ऑफसेट (सेव्हिंग्ज कर्जाला जोडलेलं मॉर्गेज) असेल तर प्रश्नच नाही, पण साध्या फिक्समध्ये बहुतेकांना ही सोय नसते. बॉयलर बंद पडला आणि बाळ दोन महिन्यांचं आहे, तेव्हा मागच्या वर्षी भरलेले 3600 पौंड लेंडर (कर्ज देणारी बँक) देणार नाही, मग तुम्ही क्रेडिट कार्डावर टाकणार आणि त्याचं व्याज मॉर्गेजच्या कितीतरी पट.

आता तुम्हाला वाटत असेल की थांबवलं तर व्याजात केवढं नुकसान होईल. हिशोब करून बघू. समजा मॉर्गेजचा दर 4.5 टक्के आहे. महिन्याला 300 प्रमाणे वर्षभर भरले तर पहिल्या 300 वर वर्षभराचं व्याज वाचतं, शेवटच्या 300 वर जेमतेम महिन्याचं किंवा तेही नाही, म्हणजे सगळं मिळून त्या वर्षात 75 ते 90 पौंड वाचतात. बास. आणि तेच पैसे 4 टक्क्यांच्या सेव्हिंग्ज खात्यात ठेवले तर त्यातले बरेचसे तिथेच परत मिळतात, वर पैसा हाताशी. वर्ष संपल्यावर उरले तर एकरकमी भरून टाका, कर्ज जवळपास तिथेच येऊन पोचतं जिथे दरमहा भरून पोचलं असतं. फक्त आयसामध्ये (व्याजावर टॅक्स नसलेल्या बचत खात्यात) ठेवा किंवा व्याजावरच्या टॅक्सकडे लक्ष द्या, बेसिक रेटवाल्याला (टॅक्सच्या खालच्या टप्प्यातल्याला) वर्षाला 1000 पौंड व्याजापर्यंत टॅक्स नाही, हायर रेटला (वरच्या टप्प्याला) 500, तुमच्या रकमेला बहुधा प्रश्न येणार नाही. आणि तुमचं फिक्स जर 2021 च्या आसपासचं, दोन टक्क्यांच्या आतलं असेल, तर त्यावर जास्तीचं भरण्यात तसाही काही अर्थ नाही, सेव्हिंग्जमध्ये त्याहून जास्त मिळतंय.

हे सगळं गणित माहीत असूनही माझ्या नवऱ्याला थांबवायला जिवावर आलं होतं, आपल्यात कर्ज म्हणजे डोक्यावरचं ओझं, कधी एकदा फेडतोय असं होतं. ते समजू शकते. पण बाळाच्या पहिल्या वर्षात कर्जाइतकीच भीती रोकड संपण्याची असायला हवी.

आता बजेट. सगळे सांगतात नॅपी, दूध, प्रॅम याची यादी करा. करा, पण खरा खड्डा खर्चात नाही पगारात आहे. स्टॅच्युटरी मॅटर्निटी पे (बाळंतपणाच्या रजेत कायद्याने मिळणारा पगार) कसा असतो बघा, एकूण 39 आठवडे, त्यातले पहिले 6 आठवडे सरासरी पगाराच्या 90 टक्के, मग 33 आठवडे ठरावीक रक्कम, 2025-26 मध्ये आठवड्याला 187.18 पौंड (किंवा सरासरीच्या 90 टक्के, जे कमी असेल ते), आणि 52 आठवड्यांची रजा घेतली तर शेवटचे 13 आठवडे शून्य. म्हणजे महिन्याला साधारण 810 पौंड आणि मग काहीच नाही. कंपनी वरून देत असेल तर उत्तम, पण करारात बघून घ्या, कामावर परत आलं नाही तर कंपनीने वरचं दिलेलं परत मागायची अट बऱ्याच ठिकाणी असते. स्टॅच्युटरी भाग मात्र परत मागता येत नाही.

आम्ही एक शीट केली होती, महिने उभे आणि कॉलम दोनच महत्त्वाचे: त्या महिन्यात हातात येणारे दोघांचे मिळून पैसे, आणि न चुकणारा खर्च म्हणजे मॉर्गेज, काउन्सिल टॅक्स, वीज-गॅस, गाडी, इन्शुरन्स, किराणा. तिसऱ्या कॉलममध्ये वजाबाकी. सुरुवातीचे महिने बरे दिसतात, मग उतरण लागते आणि शेवटचे तीन महिने लाल. त्या लाल आकड्यांची बेरीज म्हणजे रजा सुरू होण्याआधी बाजूला असायला हवी ती रक्कम, वर अडीअडचणीचे वेगळे. इतकंच बजेट. कॉफीवर किती गेले वगैरे आम्ही कधी लिहिलं नाही, झोप नसलेल्या माणसाकडून ते होत पण नाही.

त्या शीटमध्ये दोन गोष्टींमुळे आकडे बरेच सुधारतात. एक, मॅटर्निटी लीव्हवर असताना वार्षिक सुट्टी साठत राहते, कायद्याने किमान 5.6 आठवडे वर्षाला, ती सगळी रजेच्या शेवटी लावायची, म्हणजे बिनपगारी आठवडे लवकर संपवून पूर्ण पगारावर घरी बसता येतं. मी तेच केलं, एचआरला आधी ईमेल टाकून लेखी घेतलं. दुसरं, 10 कीपिंग इन टच दिवस, म्हणजे रजा न मोडता 10 दिवसांपर्यंत काम करता येतं, कंपनी तयार असेल तर, त्याचे पैसे किती ते मात्र आधी ठरवा. आणि अजून एक छोटं, पगार कमी झाला की आधी जास्त कापलेला टॅक्स पुढच्या पेस्लिपमध्ये थोडा थोडा परत येतो, टॅक्स कोड (किती टॅक्स कापायचा ते ठरवणारा पेस्लिपवरचा कोड) नॉर्मल असेल तर, त्यामुळे एखाद्या महिन्यात अपेक्षेपेक्षा जास्त दिसलं तर घाबरू नका, कोणी चुकून दिलेले नाहीत.

चाइल्ड बेनिफिट (मुलासाठी सरकार देतं तो भत्ता): पहिल्या बाळाला 2025-26 मध्ये आठवड्याला 26.05 पौंड. तुमच्यापैकी कुणा एकाचं उत्पन्न 60,000 च्या वर गेलं की थोडं थोडं परत द्यावं लागतं आणि 80,000 ला सगळं. तरीही फॉर्म भरा, पैसे नको असा पर्याय निवडता येतो पण फॉर्म भरल्याने घरी असलेल्या पालकाच्या नॅशनल इन्शुरन्सची वर्षं धरली जातात आणि ती पुढे पेन्शनला लागतात. उशीर केला तर मागचे फक्त तीन महिनेच मिळतात. पण, आणि हे आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं, व्हिसावर नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत अशी अट) असेल तर चाइल्ड बेनिफिट हे पब्लिक फंड्समध्ये येतं, सहज म्हणून अर्ज करू नका, आधी आपलं स्टेटस बघा.

आता मॉर्गेजकडे परत येते, कारण खरी मेख तुमच्या फिक्स संपण्यात आहे. पुढच्या वर्षी फिक्स संपेल तेव्हा बायको कदाचित स्टॅच्युटरी पेवर असेल किंवा बिनपगारी. नवीन लेंडरकडे गेलात तर तो परवडेल का हे तपासणार, मॅटर्निटीमधलं उत्पन्न प्रत्येकजण वेगळ्या पद्धतीने धरतो, कोणी परत येण्याच्या तारखेचं पत्र घेऊन पूर्ण पगार धरतात, कोणी नाही, शिवाय आता एक मूल आहे आणि नर्सरीचा खर्च असणार हेही विचारणार. म्हणून अशा वेळी आहे त्याच लेंडरकडे प्रॉडक्ट ट्रान्स्फर (त्याचीच नवी डील घेणं) बरा पडतो, कर्ज वाढवत नसाल आणि मुदत बदलत नसाल तर त्यात सहसा पगाराची तपासणी परत होत नाही. दर एखाद्या दशांशाने जास्त असला तरी त्या वर्षी तोच घ्यावासा वाटेल. फिक्स संपायच्या काही महिने आधी दर पकडून ठेवता येतो, नंतर दर उतरले तर बहुतेक वेळा बदलता येतो, तर लवकर सुरुवात करा, बाळ झोपलेलं असताना फोनवर होल्डवर बसायचंय हे लक्षात ठेवून.

आणि इथे ते साठवलेले पैसे कामाला येतात. दर ठरतात ते लोन टू व्हॅल्यूच्या (घराच्या किंमतीच्या किती टक्के कर्ज आहे त्याच्या) पायऱ्यांवर, 90, 85, 80, 75, 60 अशा. समजा घर 3,40,000 चं धरलं जातंय आणि कर्ज उरलंय 2,57,000. म्हणजे 75.6 टक्के. 75 टक्के म्हणजे 2,55,000. फक्त 2000 पौंड भरले की तुम्ही खालच्या पायरीवर जाता आणि तो स्वस्त दर पूर्ण अडीच लाखांवर लागू होतो, दोन किंवा पाच वर्षं. ते 2000 भरण्यासारखे आहेत! पण पायरीपासून 15,000 लांब असाल तर वर्षभर पोटाला चिमटा काढून तिथे पोचणार नाही आहात, मग उगाच ओढाताण नको. म्हणून म्हणते आत्ता महिन्याला 300 टाकत बसण्यापेक्षा पैसे हातात ठेवा, फिक्स संपायच्या आधी घराची किंमत लेंडर किती धरतोय ते बघा, आणि मग ठरवा किती भरायचे. फिक्स चालू असताना वर्षाला उरलेल्या कर्जाच्या 10 टक्क्यांपर्यंत दंडाशिवाय भरता येतं असा बऱ्याच लेंडरचा नियम, पण वर्ष जानेवारीपासून की मॉर्गेज सुरू झालेल्या तारखेपासून हे वेगवेगळं असतं, त्याच्या वर गेलात तर अर्ली रिपेमेंट चार्ज लागतो.

नर्सरीबद्दल वेगळं लिहिण्यासारखं आहे कारण ओव्हरपेमेंट परत कधी सुरू करायचं हे त्यावरच ठरतं. इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2025 पासून नोकरदार आई-वडिलांच्या 9 महिन्यांवरच्या बाळांना आठवड्याला नर्सरीचे 30 तास सरकारी खर्चाने मिळतात, दोघांपैकी एकाचंही उत्पन्न 1,00,000 च्या वर नसेल तर. (स्कॉटलंड, वेल्सला नियम वेगळे.) ऐकायला झकास, पण हे वर्षाला 38 आठवडेच, वर्षभर पसरवलं तर आठवड्याला 22 तासांच्या आतच बसतं, आणि जेवण, नॅपी वगैरेचे नर्सरी वेगळे लावते. दुसरं म्हणजे 9 महिने पूर्ण झाले त्या दिवशी तास सुरू होत नाहीत, पुढच्या टर्मपासून होतात, म्हणजे 1 जानेवारी, 1 एप्रिल किंवा 1 सप्टेंबर, आणि त्यासाठी अर्ज करून मिळणारा सरकारी कोड त्याच्या आधी हातात हवा. बाळाला सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात 9 महिने झाले तर जानेवारीपर्यंत थांबायचं. तेवढे महिने पूर्ण फी, वर डिपॉझिट, वर पहिला महिना आगाऊ. शीटमध्ये या महिन्यांना पण लाल रंग द्या. टॅक्स-फ्री चाइल्डकेअरचं खातं उघडा, तुम्ही 8 पौंड टाकले की सरकार 2 टाकतं, बाळामागे तिमाहीला 500 पर्यंत. याला पण दोघांपैकी निदान एकाला पब्लिक फंड्सची परवानगी लागते.

आणि एक खर्च जो इथल्या कुठल्याच बेबी बजेटच्या यादीत सापडणार नाही, आई-बाबा किंवा सासू-सासरे येणार तो. व्हिसा फी, विमानाची तिकिटं, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स अजिबात सोडू नका, व्हिजिटर म्हणून आलेल्यांना हॉस्पिटलचा खर्च एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) दराच्या दीडपट लावतात. माझी आई आली तेव्हा बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि हिटिंगच्या बिलाची अजिबात चिंता नाही अशी आली होती, घर दिवसभर 23 वर. हिवाळ्यात येणार असतील तर गॅसचा आकडा जरा सढळ धरा. बदल्यात जी झोप मिळते तिचा हिशोब कुठल्या शीटमध्ये बसत नाही म्हणा.

बाळाच्या वस्तूंवर फार डोकं घालवू नका. कपडे, मोजेस बास्केट, प्रॅम सगळं सेकंडहँड चालतं आणि मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अर्धं फुकट मिळतं, फक्त कार सीट अनोळखी माणसाची वापरलेली घेऊ नका, अपघातात सापडलेली आहे का ते बघून कळत नाही. बायकोचं मॅटर्निटी एक्झम्प्शन सर्टिफिकेट काढलंय ना? डिलिव्हरीनंतर 12 महिन्यांपर्यंत प्रिस्क्रिप्शन आणि एनएचएस डेंटल फुकट असतं, दातांचं काम काढून घ्या.

हा आठवडा एवढं करा, लेंडरला फोन करून चार गोष्टी विचारा: आत्तापर्यंत जास्त भरलेले परत काढता किंवा हप्त्यात वळते करता येतात का, दंडाशिवाय वर्षाला किती भरता येतं आणि ते वर्ष कधी सुरू होतं, ओव्हरपेमेंटने हप्ता कमी होतो की मुदत, आणि नवीन डील किती आधी बुक करता येते. मुदतीचं उत्तर नीट ऐका, कारण हप्ता कमी होत असेल तर रजेच्या काळात तेवढाच हातभार. तसंच अगदीच अडलं तर 2023 च्या मॉर्गेज चार्टरमध्ये (अडचणीतल्या कर्जदारांना मदतीबद्दल सरकार आणि लेंडरमधला करार) सामील असलेले लेंडर हप्ते वेळेवर चालू असलेल्या ग्राहकाला सहा महिने फक्त व्याज भरायची सोय देतात, परवडण्याची नवी तपासणी न करता. वापरावी लागू नये, पण तुमचा लेंडर त्यात आहे का हे त्याच फोनमध्ये विचारून ठेवा.

बायकोच्या पगाराचे आकडे आणि कर्ज किती उरलंय ते कमेंटमध्ये ढोबळ टाकलंत तर पायरीचं गणित करून देते.