ती तीन वावरं

साकोलीजवळून,
ऑक्टोबर

प्रिय बेटा,

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं, मग नकाशा काढून तिसऱ्यांदा वाचलं. एकटीने क्रॉस-कंट्री, म्हणजे दुसऱ्या गावापर्यंतचं उड्डाण, करून परतताना इंजिन थरथरायला लागलं, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) 2300 वरून 1900 वर आला, तू तशीच आठ मैल उडत आलीस आणि विमान धावपट्टीवर सुखरूप टेकवलंस. सगळ्यांनी पाठ थोपटली. थोपटण्यासारखं त्यात आहेच. तू वेग सोडला नाहीस, नाक वर ओढलं नाहीस. पण त्याच पत्रात तू एक ओळ सहज लिहून गेलीस : खाली सोयाबीन काढलेली तीन मोठी वावरं होती, पण तोवर विमानतळ दिसायला लागला होता. त्या ओळीने माझी झोप गेली.

तू लिहितेस, शेवटी उंची 1500 फूट राहिली होती. कशापासून 1500? अल्टिमीटर, तो उंचीचा काटा, समुद्रसपाटीपासून मोजतो, आणि आपल्या नागपूरच्या बाजूची जमीनच समुद्रापासून जवळजवळ हजार फूट वर आहे. म्हणजे तुझ्या पायाखाली पाचशे फूट होते. तुझं सेसना 172 इंजिनाशिवाय 68 नॉटला, म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटरला, हजार फुटांत पावणेतीन किलोमीटरच्या आसपास तरंगतं. पाचशे फुटांत त्याच्या निम्मं, आणि वेळ चाळीस सेकंदांची. विमानतळ तेव्हा पाच किलोमीटरवर होता. ते उरलेलं अर्धं इंजिन त्या पाच किलोमीटरमध्ये कुठेही थांबलं असतं तर तुझ्याकडे चाळीस सेकंद असते आणि खाली संत्र्याची बाग. इंजिन उघडल्यावर एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह अडकलेला निघाला असं तू लिहिलंस. चारातला एक गेला होता. उरलेल्या तिघांनी साथ दिली, पण ती देतील हे त्या वेळी तुला ठाऊक नव्हतं.

हे रागावून लिहीत नाही. मी स्वतः हेच केलं होतं, आणि माझ्या शेजारी विद्यार्थी बसलेला होता.

चाळीस वर्षं होतील. सेसना 152 होतं, कार्बोरेटरचं इंजिन. असाच ऑक्टोबर, पाऊस नुकताच गेलेला, तळी भरलेली, हवा ओली. खाली यायचं म्हणून पॉवर कमी केली आणि कार्ब हीट, म्हणजे कार्बोरेटरला गरम हवा देणारा खटका, ओढायचं राहिलं. बाहेर पंचवीस-सव्वीस अंश होते. एवढ्या उकाड्यात बर्फ कसला, असं तेव्हा मलाही वाटायचं. पण कार्बोरेटरच्या गळ्यात हवा पसरते, पेट्रोलची वाफ होते, आणि तिथलं तापमान वीस अंशांहूनही जास्त उतरू शकतं. ओल्या हवेतलं पाणी तिथेच गोठतं. आरपीएम हळूहळू बसत गेला, मी थ्रॉटल थोडं थोडं पुढे देत गेलो. मग इंजिन अडखळलं तेव्हा कार्ब हीट ओढलं, आणि ते आणखीच खडखडलं. वितळलेलं पाणी सिलिंडरमध्ये जात होतं. अर्धा मिनिट दम धरला असता तर मोकळं झालं असतं. मी घाबरून कार्ब हीट परत आत ढकललं.

त्यानंतर सहा-सात मिनिटं मी धावपट्टीच्या दिशेने नुसता आशेवर उडत राहिलो. खाली एक लांबच लांब बरड गेलं, गुरं चरत होती, एका कडेला पूर्ण मोकळं. ते आजही डोळ्यांसमोर आहे. विमानतळ दोन मैलांवर असताना इंजिन बंद पडलं, आणि तिथे फक्त धानाच्या बांध्या होत्या. लवकर येणारा हलका धान कापलेल्या एका बांधीत टेकलो, पहिला धुरा, तो मातीचा बांध, चाकांखालून गेला, दुसऱ्या धुऱ्याने पुढचं चाक मोडलं. आम्ही दोघं चालत बाहेर आलो. वावराचा मालक विळा हातात घेऊन धावत आला, त्याने आधी विचारलं, "लागलं का?" त्याचा धुरा मी फोडला होता, त्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही.

म्हणून अर्ध्या ताकदीच्या इंजिनाची मला पूर्ण बंद पडलेल्या इंजिनापेक्षा जास्त भीती वाटते. बंद पडलं की माणूस शिकवलेलं करतो : नाक खाली, वेग 68, वावर. अर्धवट चालत राहिलं की तो घराकडे बघतो. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा खात्याने 2000 ते 2010 या काळातल्या, एकाच इंजिनाच्या विमानांच्या उड्डाणानंतरच्या घटना तपासल्या. ताकद अर्धवट गेल्याच्या 242 घटनांमध्ये 9 जीवघेण्या ठरल्या. इंजिन पूर्ण बंद पडल्याच्या 75 घटनांमध्ये एकही नाही. हे आकडे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत लिहून द्यायचो. तुझ्या वहीत राहून गेले, ती चूक माझी.

पुढच्या वेळी ताकद कमी झाली की आधी वाऱ्याच्या दिशेला जुळणारं वावर पकड, त्याच्या डोक्यावर जा आणि मग इंजिनाकडे बघ : इंधनाचा शटऑफ आत, टाक्यांचा सिलेक्टर दोन्हीवर, इंधनाचा बूस्ट पंप सुरू, मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण) पुढे, इग्निशन दोन्हीवर. सुधारलं, तर त्या वावरावरच गोल फिरत उंची घे, आणि खात्री पटली तरच पुढचं वावर, मग त्याच्या पुढचं. एका उतरण्याजोग्या जागेवरून दुसऱ्या जागेवर जायचं. मध्ये नुसतं गाव, जंगल किंवा बाग असेल तर तिथे जायचं नाही, उतरायचं. रेडिओच्या 121.5 या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर मेडे ही मदतीची हाक दे आणि ट्रान्स्पॉन्डरवर (रडारला खूण देणाऱ्या यंत्रावर) आणीबाणीचा 7700 लाव, पण हात मोकळा असेल तेव्हाच.

उड्डाण घेताच ताकद गेली तर मागे वळू नकोस. हे तुला शंभरदा सांगितलंय, तरी लिहितो. 45 अंश कललेल्या वळणात स्टॉलचा वेग, ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाहीत, एकोणीस टक्क्यांनी वाढतो, उंची आधीच नसते आणि वळल्यावर वारा पाठीमागून येतो. मे महिन्यात तर आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हात विमान नीट चढतच नाही, धावपट्टी संपते तेव्हा हाती फार थोडी उंची असते. समोर, डावी-उजवीकडे तीस अंशांत जे असेल ते घे. वारा समोरून असला की काय फरक पडतो ते एकदा कागदावर मांड : 60 नॉटने उतरताना 10 नॉटचा वारा समोरून असेल तर जमिनीवरचा वेग 50, पाठीमागून असेल तर 70. वेगाचा वर्ग कर. धक्का जवळजवळ दुप्पट.

आता वावरं. इथे तुझं पुण्या-मुंबईच्या पोरांपेक्षा खूप बरं आहे, कारण तू जमीन पायाने ओळखतेस. फक्त ती वरून ओळखायला शिक, आणि दर महिन्याला नव्याने शीक. जुलै-ऑगस्टला आपल्या भंडारा-गोंदियाच्या बांध्या आरशासारख्या चमकतात. चाक चिखलात रुतलं की विमान उलटतं, त्यामुळे तेव्हा बरड आणि माळच बघ. वर्ध्याकडची, यवतमाळकडची काळी जमीन पावसात तशीच दगा देते. सोयाबीन निघालं की दोन-तीन आठवडे ती वावरं सोन्यासारखी असतात, हरभऱ्याची पेरणी होईपर्यंत. डिसेंबरात पऱ्हाटी (कपाशी) कमरेएवढी आणि तूर डोक्यावर जाते. तुरीत उतरावंच लागलं तर शेंड्यांनाच जमीन समज आणि तिथेच वेग संपव. उन्हाळ्यात नांगरलेल्या वावरात ढेकळं असतात, म्हणून कायम नांगराच्या तासाच्या दिशेने उतर, आडवं नाही, मग वारा थोडा बाजूचा असला तरी चालेल.

तार दिसत नाही, खांब दिसतात. विहीर दिसली की तिथे मोटर आहे, मोटर आहे म्हणजे तार आलेली आहे, आणि कुठेतरी विजेचा डीपी आहे. डीपीपासून विहिरीपर्यंत मनातल्या मनात रेघ ओढ. हल्ली शेततळीही झाली आहेत, प्लास्टिकच्या अस्तराची, दुरून ती सपाट जागेसारखी दिसतात. वारा बघायला वीटभट्टीचा धूर किंवा देवळाचा झेंडा, आणि काहीच नसेल तर तलाव : ज्या काठाकडून वारा येतो त्या काठाजवळचं पाणी शांत असतं.

आणि एक गोष्ट, जिच्यावर माझी तडजोड नाही. ज्या वावरात बाया कापूस वेचताहेत ते वावर तुझं नाही, ते कितीही लांब आणि सपाट असो. रंगीत लुगडी वरून लांबून दिसतात. त्यांना इंजिनाचा आवाज येणार नाही, कारण ते बंद पडलेलं असेल.

टेकण्याआधी मिक्स्चर ओढ, इंधन आणि इग्निशन बंद कर, पंखांचे फ्लॅप हवे तेवढे देऊन झाले की विजेचा मास्टर स्विच बंद कर, दाराची कडी सोडून ठेव. पंख मोडतील, चाक मोडेल. मोडू देत.

रोजच्या तपासणीचं एवढंच, कारण इंजिनं बऱ्याचदा इंधनामुळेच थांबतात : तुझ्या 172 ला इंधनाचा नमुना काढायचे तेरा ड्रेन आहेत, तेराही काढ, मागे कितीही जण थांबलेले असोत. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. निळ्या पेट्रोलखाली बिनरंगी थेंब दिसला तर पुन्हा काढ. टाकीत दांडी बुडवून बघ, गेजवर जाऊ नकोस.

आईला तू फक्त सुखरूप उतरलीस एवढंच सांगितलंस, हे परवा त्यांच्या बोलण्यातून कळलं. मी पुढचं सांगितलं नाही, ते तूच सांग. दिवाळीला येशील तेव्हा पलीकडच्या बांध्यांतला हलका धान निघालेला असेल. आपण दोघं धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत पावलांनी मोजू, म्हणजे वरून बघताना एक बांधी किती असते ते तुझ्या डोळ्यात बसेल. येताना तो नकाशा आण, आणि त्या तीन वावरांवर पेन्सिलीने खूण करून आण. चपला घालून येऊ नकोस, बूट घाल. धसकटं पायात रुततात.

तुझे,
काका