वाचकांचे प्रश्न : जुन्या पिकअपच्या ब्रेकमधली हवा काढताना

प्रश्न : जुना पिकअप घेतला आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम. पेडल मऊ लागतं आणि बरंच खाली जातं. ब्रेकमधली हवा घरी काढता येईल का? ब्रेकच्या कामाला आजवर हात लावलेला नाही.

उत्तर : काढता येईल, पण पाना हातात घेण्याआधी लाइनमध्ये खरोखर हवा आहे का ते पाहा. पेडल खाली जाण्याची कारणं तीन आणि तिन्हींचे उपाय वेगळे. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल मारा, म्हणजे पेडलला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल. मग सावकाश दाबा.

दाबताना पेडल स्पंजासारखं दबत असेल आणि भराभर मारल्यावर वर येऊनही लवचीकच राहत असेल, तर हवा आहे. खोल जाऊन तिथे एकदम कडक होत असेल आणि लगेच दुसऱ्यांदा मारल्यावर उंचावर लागत असेल, तर मागच्या ड्रममधले शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या पट्ट्या) ड्रमपासून लांब गेले आहेत. अशा गाडीत कितीही वेळा हवा काढली तरी फरक पडणार नाही. हँडब्रेक सोडा, चाक उचला, मागच्या प्लेटच्या खाचेतून दात्यांचं चाक फिरवून शू घासेपर्यंत जवळ आणा आणि मग चाक मोकळं फिरून जेमतेम घासल्याचा आवाज येईल इतपत मागे घ्या. जुन्या पिकअपमध्ये हे इतक्या वेळा आढळतं, की हवा काढण्याआधी शू जुळवून घ्यावेतच.

पाय तसाच दाबून धरल्यावर पेडल हळूहळू जमिनीकडे सरकत असेल, तर ऑइल कुठेतरी गळतं आहे किंवा पेडलच्या दाबाने ऑइल लाइनमध्ये ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमधले रबरी कप झिजून दाब आतल्या आत निसटतो आहे. ड्रम काढून, शू बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी उचला. आत ओल दिसली तर आधी सिलिंडर बदला. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नका, शूवरच्या जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

हवा आपोआप शिरत नाही. लाइन कधी उघडली होती का, मास्टर सिलिंडरवरची ऑइलची डबी रिकामी झाली होती का, गळती आहे का, याचं उत्तर मिळाल्याशिवाय काढलेली हवा पुन्हा येईल.

प्रश्न : प्रत्यक्ष काम कसं करायचं? सामान काय लागतं आणि ऑइल किती?

उत्तर : सीलबंद बाटलीतलं ब्रेक ऑइल १ लिटर घ्या. फक्त हवा काढायची तर अर्धा लिटर पुरतो, पण जुन्या गाडीत सगळं ऑइल बदलून घेणंच योग्य. निपलच्या (प्रत्येक चाकाच्या ब्रेकवरचा, हवा काढायचा पोकळ स्क्रू) मापाचा सहा कोनांचा रिंग पाना लागेल, माप बहुधा ८ ते ११ मिलिमीटरमध्ये असतं. आतून ५ मिलिमीटरची पारदर्शक नळी, काचेची बाटली, ५ सेंटिमीटर जाडीचा लाकडी ठोकळा, जॅक, स्टँड आणि पेडलवर बसायला एक माणूस, बस.

न उचललेल्या चाकांना पाचर लावा. मागची बाजू उचलताना स्टँड चासीखाली नको, अ‍ॅक्सलखाली ठेवा. अनेक पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला, भारानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. चासी उचलून अ‍ॅक्सल लोंबकळत ठेवला की गाडी पूर्ण रिकामी आहे असं समजून तो मागच्या चाकांकडचा प्रवाह आखडतो, आणि निपल उघडूनही ऑइल नीट येत नाही. खूप जणांचं काम इथेच अडतं.

डबीतलं काळपट ऑइल मोठ्या सिरिंजने ओढून घ्या. तळाची भोकं उघडी पडू देऊ नका. वर ताजं ऑइल भरा आणि झाकण नुसतं ठेवा.

लाइन जिथे सर्वात लांब, तिथून सुरुवात. मास्टर सिलिंडर चालकासमोर असल्यामुळे सहसा चालकाच्या विरुद्ध बाजूचं मागचं चाक पहिलं, मग चालकाच्या बाजूचं मागचं, मग विरुद्ध बाजूचं पुढचं आणि शेवटी चालकाच्या बाजूचं पुढचं. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा क्रम असेल तर तो पाळा. भाराच्या व्हॉल्व्हला स्वतःचा निपल असेल तर तोही सोडू नका.

नळी निपलवर घट्ट बसवा. दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ताज्या ऑइलमध्ये बुडलेलं हवं. पेडलखाली ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन मास्टर सिलिंडरच्या शेवटच्या टोकापर्यंत जात नाही, त्यामुळे तिथे वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ साचतो. पेडल जमिनीला टेकवलं तर रबरी कप त्या खरबरीत भागावर घासून फाटतात, आणि सकाळी ठीक असलेला मास्टर सिलिंडर संध्याकाळी निकामी होतो.

आता सोबत्याने तीन-चार वेळा सावकाश पेडल मारून दाबून धरायचं आणि ‘धरलं’ म्हणायचं. तुम्ही निपल पाव ते अर्धा फेरा उघडा. पेडल खाली जाईल, सोबत्याने ‘खाली’ म्हणताच निपल बंद करा आणि ‘सोड’ सांगा. तुमचा शब्द ऐकल्याशिवाय त्याने पाय उचलायचा नाही. निपल उघडा असताना पाय उचलला तर आट्यांमधून बाहेरची हवा आत ओढली जाते. पेडल जोरजोरात मारू नये, हवेचे बारीक फुगे होऊन ते ऑइलमध्ये विखुरतात आणि निघता निघत नाहीत.

दर पाच-सहा वेळांनी डबी पाहा आणि भरा. मागच्या लांब लाइनला सर्वात जास्त ऑइल लागतं, तिथे घाई नको. बुडबुडे थांबून नळीत स्वच्छ ऑइल दिसलं की निपल कसा, पण आखूड पान्याने आणि बेताने. ८ ते १० न्यूटन-मीटर एवढा जोर पुरतो. निपल आतून पोकळ असतो, जास्त कसल्यावर तुटतो. वर रबरी टोपी बसवा.

रंगावर ऑइल सांडलं तर पुसत बसू नका, भरपूर पाण्याने धुवा.

प्रश्न : मागचा निपल गंजून जाम झाला आहे. जोर लावायची भीती वाटते.

उत्तर : भीती योग्यच आहे. तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी निपलच्या डोक्यावर लहान हातोडीने हलके ठोके द्या, मग आधी किंचित कसायच्या दिशेने आणि नंतर सोडायच्या दिशेने हलवा. उघड्या तोंडाचा पाना किंवा पकड वापरू नका, कोन गोल होतात. एवढ्यावरही हलला नाही तर नवा व्हील सिलिंडर आणून ठेवा आणि मगच जोर लावा. तुटलेला निपल ड्रिलने काढत बसण्यापेक्षा सिलिंडर बदललेला बरा. मात्र लोखंडी लाइनचा नटही गंजलेला असेल, तर त्यासाठी नटाला चहूबाजूंनी धरणारा फ्लेअर पाना घ्या.

प्रश्न : चारही चाकांची हवा काढली, दोनदा काढली. पेडल अजून मऊच आहे.

उत्तर : पहिल्यांदा पुढच्या डिस्कला चिमटणारे कॅलिपर पाहा. दुरुस्तीत डावा-उजवा अदलाबदल होऊन निपल खालच्या बाजूला आला असेल, तर वर अडकलेली हवा कधीच निघणार नाही. निपल वरच हवा.

मास्टर सिलिंडर नवा बसवला असेल तर हवा त्याच्यातच असण्याची शक्यता जास्त. तो बसवण्याआधी पकडीत सरळ धरून, दोन्ही बाहेरच्या छिद्रांतून आखूड नळ्या पुन्हा डबीत सोडून, पिस्टन थोडा थोडा दाबत बुडबुडे संपवायचे असतात. गाडीवरच असेल तर त्याच्या लाइनचे नट निपलसारखे एकेक करून ढिले करा, खाली फडकं धरा.

व्हॅक्यूम पंप वापरला असेल आणि नळीत बुडबुडे थांबतच नसतील, तर ती हवा निपलच्या आट्यांमधून येते आहे. आट्यांच्या बाहेरून ग्रीस लावा किंवा शेवटची खात्री पेडलने करा.

हे सगळं ठीक असेल तर रबरी होज तपासा. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने प्रत्येक होज हातात धरायचा. फुगलेला जाणवला की बदला. बाहेरून चिरा पडलेला होज फुगला नाही तरी बदलाच.

प्रश्न : मदतीला कोणी नाही. एकट्याने होईल?

उत्तर : निपल उघडून नळीतून ऑइल आपोआप ठिबकू द्यायचं, डबी भरत राहायची. वेळ लागतो, पण चूक होण्याची शक्यता कमी. काही जुन्या ड्रम लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, तिथे ऑइल असं वाहत नाही.

प्रश्न : ब्रेक ऑइल डॉट ३ घालायचं की डॉट ४? अर्धी उरलेली बाटली चालेल का?

उत्तर : डबीच्या झाकणावर लिहिलेलं असेल ते. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. कोरं असताना डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस आणि डॉट ४ चा २३० असतो. पाणी शोषल्यावर तो अनुक्रमे १४० आणि १५५ वर येतो, म्हणूनच घाटात भरलेल्या गाडीचं जुनं ऑइल उकळतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका. इंजिन ऑइलचा थेंबही नको, सगळे रबरी भाग फुगतात. उघडी राहिलेली बाटली टाकून द्या, काढलेलं ऑइलही पुन्हा घालू नका.

प्रश्न : काम झालं, पेडल कडक आहे, पण ब्रेकचा लाल दिवा विझत नाही.

उत्तर : हँडब्रेक सुटला आहे आणि डबी भरलेली आहे ना, हे आधी पाहा. तरीही दिवा असेल तर पुढच्या-मागच्या लाइनचा दाब तोलणाऱ्या व्हॉल्व्हमधली दांडी हवा काढताना एका बाजूला सरकली असेल. काही गाड्यांत पेडल एकदा ठाम दाबल्यावर ती मध्यावर येते. नाही आली तर जी लाइन शेवटी उघडली तिच्या विरुद्ध लाइनचा निपल किंचित उघडून पेडल अगदी हळू दाबा, दिवा विझताच थांबा आणि निपल बंद करा.

दिवा विझला तरी गाडी लगेच रस्त्यावर नेऊ नका. पेडल एक मिनिट दाबून धरा, खाली सरकता कामा नये. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा, पेडल किंचित खाली जाऊन थांबलं तर बूस्टर चालू आहे. चारही निपल कोरडे आहेत ना ते पाहून मोकळ्या सपाट जागेत चालण्याच्या वेगाने ब्रेक मारून पाहा, आणि दुसऱ्या दिवशी डबीची पातळी पुन्हा तपासा.