मिलिंग बाहेरचं, बोलणी मात्र आपल्याला

यावेळी पत्रांच्या पेटीत चार पत्रं निघाली आणि चारही एकाच खुंटीवरची, दातांच्या कॅप-ब्रिजसाठी झिर्कोनिया (पांढरं, कडक सिरॅमिक) बाहेरच्या सेंटरच्या मशीनवर कापून, म्हणजे मिल करून घ्यायचं, तर कसं. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीये, कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : दादा, नमस्कार. कुडाळला आमची छोटी डेंटल लॅब आहे. मी, धाकटा भाऊ आणि एक पोरगा. आत्तापर्यंत मेटल आणि पीएफएम (मेटलवर पोर्सिलेन), वॅक्सिंगपासून सिरॅमिकपर्यंत सगळं हाताने. आता सावंतवाडी-कणकवलीचे डॉक्टर झिर्कोनियाच मागतात म्हणून स्कॅनर घेतला, भाऊ डिझाईन शिकला. मशीनची ऐपत नाही. तीन सेंटरशी बोललोय, एक मुंबईचं मोठं, एक कोल्हापूरचं, एक गोव्यातलं. मुंबईवाल्याचा दर कोल्हापूरपेक्षा युनिटमागे (एका दातामागे) दोनशेने कमी आहे. गोवा मधे कुठेतरी. भाऊ म्हणतो मुंबई, माझं मन धजत नाही. कसं ठरवायचं?

उत्तर : आधी ते दोनशे रुपये उरकून टाकू. समजा महिन्याला तुमची चाळीस युनिट जातात, म्हणजे आठ हजार वाचले. कमी नाहीत, पोराचा अर्धा पगार निघतो. आता त्या चाळीसातली तीन परत आली असं धरा. सेंटरवाला म्हणेल फुकट रीमेक देतो, आणि देईलही, पण फुकट म्हणजे त्याची फक्त डिस्क (झिर्कोनियाची चकती) फुकट. तुमचा परत स्कॅन, भावाची परत डिझाईन, परत कुरिअर, परत स्टेन-ग्लेझ (रंग आणि चकाकी), डॉक्टरांच्या खुर्चीतला वाया गेलेला अर्धा तास आणि मालवणहून दोनदा आलेल्या पेशंटचं तोंड, हे कुठल्या बिलात येतं? आणि डॉक्टर सेंटरला ओळखत नाहीत, ते फोन तुम्हाला करतात. म्हणून दर बघा, पण तिसऱ्या-चौथ्या नंबरला बघा.

पहिल्या नंबरला मी काय बघतो सांगतो. सेंटर मला फोन करतं का. हसू नका. माझी रत्नागिरीतली लॅब वीस वर्षांच्या वर झाली, त्यातली बरीच वर्षं मिलिंग बाहेरून, आणि माझा अनुभव असा की जे सेंटर मिल करायच्या आधी फोन करून म्हणतं की तुमच्या सोळा नंबरच्या दाताची मार्जिन (कॅप जिथे संपते ती कड) मागच्या बाजूला दिसत नाही, चालवू का थांबू, तेच टिकतं. जे कधीच फोन करत नाही त्याचा अर्थ आपल्या फाईली निर्दोष असतात असा नाही, तिथे कुणी त्या उघडून बघत नाही असा आहे. फाईल आली, नेस्टिंगमध्ये (डिस्कवर कामाची जागा लावण्यात) टाकली, मशीन चालू, डबा कुरिअरला. अशा ठिकाणी चूक तुमची असो की त्यांची, कळते ती पेशंटच्या तोंडातच.

तर तिघांनाही एकच परीक्षा द्या. एकाच मॉडेलवरची एकच केस, मागच्या दातांचा तीन युनिटचा ब्रिज आणि पुढचा एक सिंगल (एकटी कॅप). पैसे देऊन करून घ्या, सॅम्पल म्हणून फुकट मागू नका, फुकटातलं सॅम्पल मालक स्वतः उभं राहून करून घेतो आणि मग ते काम परत कधी दिसत नाही. आणि फाईलमध्ये मुद्दाम एक खोट ठेवा. मी तरी ठेवतो. कनेक्टर (ब्रिजच्या दोन दातांमधला जोड) बारीक ठेवा, मागच्या ब्रिजला निदान ९ चौरस मिलिमीटर लागतो तिथे सहाच ठेवा, आणि बघा कोण फोन करतं. (नंतर अर्थातच फाईल नीट करून पाठवा.) ज्याचा फोन आला त्याला निम्मे मार्क तिथेच.

उरलेले मार्क डबा आल्यावर. कॅप डायवर (दाताच्या प्रतिकृतीवर) बसवताना आतून घासायची नाही, जशी आली तशी बसली पाहिजे, लूपखाली (भिंगाखाली) मार्जिन गोल फिरवून बघा, कड कुठे तुटलीये का, ब्रिज डुलतो का. ब्रिज डुलण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण हे तुम्हा कास्टिंगवाल्यांना नवीन आहे.

झिर्कोनियाची डिस्क मिल करताना खडूसारखी मऊ असते. तुकडा मोठा करून कापतात आणि मग साधारण १५०० डिग्रीच्या भट्टीत तो आकसतो, जवळजवळ पाचव्या भागाने. किती मोठा कापायचा तो आकडा प्रत्येक डिस्कवर छापलेला असतो आणि लॉट बदलला की तो बदलतो. समजा एका डिस्कवर १.२२३ आहे आणि दुसरीवर १.२३१. ऑपरेटरने नवी डिस्क लावली आणि जुना आकडा बदलायला विसरला. दहा मिलिमीटरच्या कॅपमध्ये फरक पडतो साठ-पासष्ट मायक्रॉनचा, थोडी घट्ट लागली म्हणून आपण घासून बसवतो आणि विसरतो. पण चाळीस मिलिमीटरच्या ब्रिजमध्ये तोच फरक पाव मिलिमीटरच्या वर जातो आणि ब्रिज काही केल्या बसत नाही. माझ्याकडे एकदा अशी पूर्ण आठवड्याची केस आली होती, सिंगल सगळ्या जरा जरा घट्ट, ब्रिज दोन्ही डुलणारे, आणि मी तीन दिवस स्कॅनर कॅलिब्रेट करत बसलो. शेवटी डिस्कचा फोटो मागवला तेव्हा कळलं. सेंटरचं नाव सांगत नाही, चूक कबूल केली त्यांनी, पण मी विचारल्यावर. त्यामुळे लक्षात ठेवा, सगळंच एकजात घट्ट किंवा सगळंच सैल आलं तर संशय आकड्यावर, एखादंच बिघडलं तर संशय आधी आपल्या स्कॅनवर.

दुसरं म्हणजे डिस्क कुठली. परदेशी कंपनीचीच पाहिजे असा माझा हट्ट नाही, चिनी डिस्कवर मी वर्षानुवर्षं मागचे दात केलेत, चाललेत. हट्ट एवढाच की न सांगता बदलायची नाही आणि बिलावर लॉट नंबर लिहायचा. जो म्हणतो लॉट नंबर कशाला हवा, त्याला रामराम. डॉक्टरांना वॉरंटी कार्ड देणार असाल तर कार्डावरचं नाव आणि डिस्कवरचं नाव एकच आहे ना, एवढं तरी तुम्हाला माहीत पाहिजे. आणि पारदर्शक डिस्कच्या मोहात भावाला पडू देऊ नका. जुन्या पांढरट, मजबूत झिर्कोनियाची ताकद हजार मेगापास्कलच्या वर असते, काचेसारखी सुंदर दिसणारी जी नवी येते तिची सहाशे-सातशेच्या आसपास. पुढच्या सिंगलला झकास, पण दाढेचा लांब ब्रिज त्यात करून द्या असं डॉक्टर म्हणाले तर सेंटरने नाही म्हटलं पाहिजे, आणि सेंटर तसं म्हणालं नाही तर तुम्ही म्हणा.

फाईल पाठवताना नुसती एसटीएल (आकाराची फाईल) पाठवू नका, सॉफ्टवेअर सोबत जी कन्स्ट्रक्शन इन्फोची छोटी फाईल बनवतं तीही द्या, त्यात मार्जिन आणि बसायची दिशा असते. ती नसेल तर तिकडचा ऑपरेटर अंदाजाने ठरवतो. इम्प्लांटची केस असेल तर तुमच्या सॉफ्टवेअरमधली इम्प्लांटची लायब्ररी आणि त्यांच्याकडचा टाय-बेस (इम्प्लांटवरचा टायटॅनियमचा बेस) एकाच कंपनीचा आणि एकाच मापाचा आहे का हे तोंडी नको, लिहून घ्या.

आता अंतर. गोवा तुम्हाला हाताशी आहे, कोल्हापूर घाटापलीकडे, मुंबई लांब पण गाड्या रोजच्या. उन्हाळ्यात तिन्ही सारखेच वाटतील. खरी परीक्षा आषाढ-श्रावणात. घाटात दरड आली की कोल्हापूरचा डबा गारगोटीवरून फिरून येतो की तिकडेच बसतो, रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की मुंबईचं पार्सल कधी येतं, हे त्यांना नको विचारू, त्यांच्याकडून काम घेणाऱ्या दोन कोकणातल्या लॅबना विचारा. आपल्याकडे वर्षाचं निम्मं अर्जंट काम गणपतीआधीच्या पंधरा दिवसांत येतं, चाकरमानी फोनवरूनच सांगतो, "गणपतीच्या आदी दात होयो", आणि तेव्हा युनिटमागचे दोनशे रुपये कुणाला आठवत नाहीत.

सिंटर करूनच मागवा. कच्चं, न भाजलेलं काम स्वस्त पडतं म्हणून काही जण तसं मागवतात आणि घरी भाजतात. पण खडूसारखी वस्तू आपल्या हायवेवरून यायची म्हणजे... तुम्हीच बघा.

माझा कौल विचाराल तर, परीक्षेत दोन जवळजवळ सारखे निघाले तर गोवा किंवा कोल्हापूर, जिथे तुम्ही एकदा स्वतः जाऊन मशीनसमोर उभे राहू शकाल. आणि गेलात की भट्टी बघा, भट्टीला जनरेटर आहे का विचारा. नेहमीची सायकल आठ-दहा तासांची असते, मधे लाईट गेली तर आतलं काम विश्वासाचं राहत नाही. तिघांतल्या दुसऱ्यालाही सोडू नका, महिन्याला चार-पाच युनिट त्याच्याकडे जात राहू देत, पहिल्याचा स्पिंडल (मशीनचा टूल फिरवणारा भाग) बिघडेल त्या दिवशी ओळख कामाला येते.

प्रश्न : मी चिपळूणला प्रॅक्टिस करते. माझी लॅब मिलिंग बाहेरून करून घेते. कॅप नेहमी सैल येतात, हलतात, सिमेंटवर अवलंबून राहावं लागतं. लॅब सेंटरवर ढकलते, सेंटर लॅबवर. चूक नक्की कुणाची?

उत्तर : डॉक्टर, रागावणार नसाल तर सांगतो, तिसऱ्या शक्यतेकडेही बघा. तुमची तयारी, म्हणजे कॅप बसावी म्हणून दात घासून दिलेला आकार. मशीनचं सगळ्यात बारीक टूल साधारण ०.६ मिलिमीटरचं, ते गोल फिरतं, त्यामुळे त्याला टोकदार आतला कोपरा कापता येत नाही. असा दात घासताना वरची कड धारदार राहिली किंवा पुढच्या दाताची धार पातळ सुरीसारखी ठेवली की सॉफ्टवेअर तिथे टूल शिरावं म्हणून जास्तीची जागा मोकळी करतं, कॅप बसते पण आत पोकळ, म्हणून हलते. पुढच्या चार केस सगळे कोपरे गोल करून पाठवा आणि फरक बघा.

तरीही सैल आल्या तर लॅबला विचारा सिमेंट गॅप (कॅपच्या आत सिमेंटसाठी सोडलेली जागा) किती ठेवलाय. पन्नास मायक्रॉनच्या आसपास, तोही मार्जिनजवळची एक मिलिमीटर पट्टी सोडून, असं सहसा असतं. काही लॅब घट्ट कॅपच्या तक्रारी नकोत म्हणून तो गुपचूप वाढवून ठेवतात. मार्जिनचं म्हणाल तर १२० मायक्रॉनची मर्यादा मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ साली मांडली आणि अजून तीच सगळे सांगतात. पण हलणारी कॅप आणि उघडी मार्जिन या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, लॅबला कळवताना एकत्र करू नका, नाहीतर ते चुकीच्या ठिकाणी दुरुस्ती करतील.

प्रश्न : शेड जुळत नाही. ए-टू (दाताच्या रंगाचा नंबर) मागवलं की कधी पिवळट येतं कधी करडं. अलिबाग.

उत्तर : ए-टू लिहून भागत नाही. शेड टॅब (रंगाचा नमुना) दाताला लावून दिवसाच्या उजेडात फोटो, आणि खालच्या घासलेल्या दाताचा रंगही कळवा, दात काळा पडलेला असेल किंवा आत मेटल पोस्ट असेल तर पारदर्शक झिर्कोनियातून तो करडेपणा वर येणारच. सेंटरकडून मल्टिलेयर (रंगाचे थर असलेली) डिस्क घेत असाल तर कॅप डिस्कमध्ये किती उंचीवर बसवली यावरही रंग बदलतो, खाली गेली की पिवळी, वर आली की फिकी. नेस्टिंगचा स्क्रीनशॉट मागा. चांगलं सेंटर देतं.

प्रश्न : रत्नागिरी तालुक्यातच लॅब आहे, महिन्याला शंभरच्या वर युनिट बाहेर जातात. आता स्वतःचं मशीन घ्यावं का? बँक कर्ज द्यायला तयार आहे.

उत्तर : बँक नेहमीच तयार असते. शंभर युनिट सलग वर्षभर जातात की गणपती आणि मे महिन्यातल्या लग्नसराईतच जातात, हे आधी वहीतून काढा. मशीनचा हप्ता जुलैमध्येही तेवढाच असतो.

आणि पैशाइतकाच मला आपल्या हवेचा घोर लागतो. मशीनला कोरडी, स्वच्छ दाबाची हवा लागते. आपल्याकडे पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतून तांब्याभर पाणी निघतं, ते पाणी स्पिंडलपर्यंत गेलं तर स्पिंडल संपला, आणि स्पिंडल म्हणजे मशीनचा सगळ्यात महागडा भाग. म्हणजे एअर ड्रायर आला, सक्शन आला, वीज चमकली की बोर्ड उडू नये म्हणून सर्ज प्रोटेक्शन आलं, भट्टीला जनरेटर आला. हे कोटेशनमध्ये नसतं. सर्व्हिस इंजिनियर मुंबई-पुण्याहून येणार, आणि मशीन बंद पडेल ते शुक्रवारी संध्याकाळीच पडेल, त्यामुळे मशीन घेतलंत तरी बाहेरचं सेंटर सुटत नाहीच.

मी असतो तर आधी गावातल्याच आणखी दोन लॅबशी बोललो असतो. तिघांची मिळून अडीचशे-तीनशे युनिट होत असतील तर एक मशीन, एक नीट पगार देऊन ठेवलेला ऑपरेटर, आणि हिशोब लिखित. ऑपरेटर ही गोष्ट मशीनच्या आधी शोधा, तो नाही मिळाला तर कर्जाच्या कागदावर सही करू नका. सहा महिने त्याला एखाद्या चालू सेंटरमध्ये पाठवा, तिथे डिस्क बदलताना आकडा बदलायची सवय लागली की बोलवून घ्या.