गटाचे बिऱ्हाड हलवण्यापूर्वी

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील आम्ही काही द्राक्ष बागायतदारांनी २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट सुरू केला. त्या वेळी एका गटात २५६ सभासदांचीच मर्यादा होती, त्यामुळे पुढे चार गट करावे लागले आणि आज चारही मिळून साधारण नऊशे सभासद आहेत. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला, की पोंगा अवस्थेतल्या (नुकते कोंब फुटलेल्या) बागेत डाऊनी या रोगासाठी काय फवारावे, हा एकच प्रश्न दिवसभरात चारही गटांत पुन्हा पुन्हा येतो. मागच्या हंगामात एखाद्या जाणत्या बागायतदाराने सविस्तर लिहिलेले उत्तर मात्र कोणालाच सापडत नाही. शिवाय सर्वांचे फोन क्रमांक उघडे असल्यामुळे औषधविक्रेत्यांचा त्रास होतो तो वेगळाच. काहींच्या मते टेलिग्रामवर जावे, पुण्यात शिकणारी आमची मुले डिस्कॉर्ड सुचवतात, तर एक-दोघांचा आग्रह स्वतःच्या संकेतस्थळाचा आहे. आपला सल्ला काय?
– एक बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : आपल्या पत्रात तीन तक्रारी आहेत, त्यांपैकी गटांची संख्या आणि उघडे क्रमांक या दोनच असत्या, तर मी आपल्याला आहे तिथेच राहा असे सांगितले असते. चार गटांची अडचण आता उरलेली नाही, कारण २०२२ च्या अखेरीस व्हॉट्सअ‍ॅपने एका गटाची मर्यादा १०२४ पर्यंत वाढवली, म्हणजे आपले नऊशे सभासद आज एकाच गटात बसतात. त्याच सुमारास आलेल्या ‘कम्युनिटी’ या सोयीत अनेक गट एका छत्राखाली आणता येतात आणि तिच्या सूचनांच्या गटात सभासदांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत. मात्र चर्चेच्या गटात शिरले, की ते पूर्वीसारखेच दिसतात, हेही लक्षात असू द्यावे. एखादा विक्रेता सभासद म्हणूनच गटात येऊन बसला असेल, तर त्यावर यंत्राचा नव्हे, व्यवस्थापकाच्या धीटपणाचाच उपाय आहे.

तिसरी तक्रार मात्र मुळाशी जाणारी आहे. उत्तर सापडत नाही, असे आपण म्हणता. मला त्यापेक्षा अधिक काळजी वाटते ती उत्तर सापडल्यानंतर काय होईल याची. द्राक्षाच्या बाबतीत दोन वर्षांपूर्वीचे बरोबर उत्तर आज चुकीचे असू शकते. निर्यातीच्या बागेत कोणती औषधे चालतात, काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवावी, युरोपात फळातील औषधाच्या अंशांची कमाल मर्यादा किती, या याद्या वेळोवेळी बदलत असतात. २०१० मध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशांवरून आपली द्राक्षे युरोपात अडली आणि त्या हंगामाने अनेकांचे कंबरडे मोडले, हे आपल्या भागात कोणाला सांगण्याची गरज नाही. आता अशी कल्पना करा, की २०१९ मधला एक संदेश कोणीतरी शोधून काढून पुढे पाठवला. त्यावर ना तारीख ठळक दिसते, ना ‘हे औषध आता वापरू नये’ अशी टीप. म्हणून नवी जागा निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारीन, की लिहिलेले उत्तर वर्षभरानंतर कोणाला दुरुस्त करता येईल काय.

या कसोटीवर आपल्यापुढचे पर्याय लावून पाहू. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला संदेश पहिली पंधरा मिनिटेच बदलता येतो, आणि तोही ज्याने लिहिला त्यालाच. टेलिग्रामवर हा अवधी ४८ तासांचा आहे. बाकी अनेक बाबतींत टेलिग्राम निश्चितच सरस ठरते : एका गटात दोन लाखांपर्यंत सभासद मावतात, ‘डाऊनी’, ‘भुरी’, ‘छाटणी’, ‘बाजारभाव’ असे विषयांचे वेगवेगळे कप्पे करता येतात, फोन क्रमांक लपवता येतो, आणि व्यवस्थापकाने तशी मुभा ठेवली, तर नव्या सभासदालाही जुनी चर्चा पहिल्यापासून वाचता येते. तिथल्या गटांतील संभाषण मात्र दोन्ही टोकांना कुलूपबंद नसते, ते कंपनीच्या यंत्रांवर साठते. फवारणीच्या चर्चेत लपवण्यासारखे काही नसल्याने आपल्यासाठी हा दोष मोठा नाही. व्यवस्थापकाचे नाव आणि छायाचित्र लावून सभासदांना गंडवणारे भामटे तिथे आढळतात, याची सूचना पहिल्याच दिवशी द्यावी लागेल.

डिस्कॉर्ड मी आपल्याला सुचवणार नाही. २०१५ मध्ये ते संगणकावरील खेळ खेळणाऱ्यांसाठी निघाले. त्यातील कप्प्यांची आणि अधिकारांची रचना उत्तम आहे आणि आपल्या मुलांना ते का आवडते हे समजण्यासारखे आहे. पण बागेत एका हाताने पान उलटून दुसऱ्या हाताने फोटो काढणाऱ्या साठीच्या बागायतदाराला ते भूलभुलैयासारखे वाटेल. आणखी एक गोष्ट अशी, की संपूर्ण गटाची चर्चा उतरवून घेण्याची सोय ती कंपनी स्वतः देत नाही.

उतरवून घेण्याच्या या मुद्द्यावर थोडे थांबतो, कारण निवड करताना बहुतेक गट आत जाण्याचा दरवाजा पाहतात, बाहेर पडण्याचा पाहत नाहीत. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. याहू ग्रुप्सने ऑक्टोबर २०१९ मध्ये जुना मजकूर काढून टाकणार असल्याचे जाहीर केले आणि डिसेंबर २०२० मध्ये ती सेवा पूर्ण बंद झाली. जून २०२० मध्ये आपल्या सरकारने एका आदेशाने ५९ चिनी अ‍ॅप्स बंद केली, तेव्हा कित्येकांचे सारे संग्रह एका रात्रीत हाताबाहेर गेले. बागलाण पट्ट्यातील किल्ले हिंडणाऱ्या आमच्या मित्रमंडळाने कोणत्या टाक्यात मार्चपर्यंत पाणी टिकते याची वर्षानुवर्षांची टिपणे एका फुकट सेवेवर ठेवली होती. ती सेवा गुंडाळली गेली तेव्हा नोटिशीचे पत्र आमच्यातील ज्या मित्राच्या ई-मेल पत्त्यावर गेले, त्याने तो पत्ता उघडणेच सोडून दिले होते. ती टिपणे आजतागायत परत मिळालेली नाहीत, आणि तेव्हापासून कोणत्याही सेवेवर नाव नोंदवताना व्यवस्थापक म्हणून किमान तिघांचे पत्ते द्यावेत, असा माझा आग्रह असतो.

राहिला स्वतःच्या संकेतस्थळाचा पर्याय. त्याचा आग्रह धरणाऱ्या एक-दोघांच्या म्हणण्यात माझ्या मते सर्वांत अधिक तथ्य आहे, फक्त ते कोऱ्या पाटीपासून बांधू नये. ‘डिस्कोर्स’ नावाची मुक्तस्रोत प्रणाली याच कामासाठी तयार मिळते. तिच्यात प्रत्येक प्रश्नाला मथळा असतो आणि स्वतंत्र पान असते; कोणी नवा प्रश्न लिहू लागला, की तशाच आशयाचे जुने प्रश्न तिथल्या तिथे समोर येतात, म्हणजे आपला दहा वेळा येणारा प्रश्न लिहिण्याआधीच अडतो. निवडक उत्तरे अनेकांना मिळून सुधारता येतील अशी ठेवता येतात आणि कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहते. सर्व मजकुराची प्रत व्यवस्थापकाला हवी तेव्हा उतरवून घेता येते. तिच्यासाठी भाड्याचे यंत्र आणि संकेतस्थळाचे नाव घ्यावे लागते आणि त्याचा वार्षिक खर्च येतो, पण नऊशे जणांत वाटला तर तो हंगामातल्या एका फवारणीच्या मानाने किरकोळच ठरेल. खरी किंमत पैशांची नसून माणसांची आहे : आठवड्यातून दोन संध्याकाळी बसून चांगली उत्तरे निवडणारे, त्यांवर तारीख घालणारे, आणि पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या ताज्या शिफारशींशी ती पडताळून पाहणारे पाच-सहा जण आपल्याकडे आहेत का?

असतील, तर माझा सल्ला असा. सर्वांना हलवू नका. पाऊस कुठे पडतो आहे, मजूर मिळतात का, आज पिंपळगावला भाव काय फुटला, ही बोलणी व्हॉट्सअ‍ॅपवरच राहू द्या, कारण ती उद्या शिळी होणार आहेत आणि ती सापडली नाहीत तरी कोणाचे बिघडत नाही. चार गटांचा एक गट करा. टिकाऊ उत्तरांसाठी डिस्कोर्सवर कोठार उभारा आणि गटात प्रश्न आला, की उत्तर न लिहिता कोठारातल्या त्या पानाचा दुवा द्या. सुरुवातीला लोक कुरकुरतील; पण उत्तर दुव्यावरच मिळते असे दिसले, की पायवाट पडते. आणि असे पाच-सहा जण नसतील, तर कोठाराचा मोह टाळून टेलिग्रामवर कप्पे करून निर्धास्त राहा. ओस पडलेल्या संकेतस्थळावर तीन वर्षांपूर्वीचे फवारणीचे वेळापत्रक पडून राहण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

कोठाराचे काम ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर मुळीच काढू नका. जून ते ऑगस्ट हा काळ त्यासाठी बरा. त्याआधी चारही गटांची चर्चा व्हॉट्सअ‍ॅपमधील निर्यातीच्या सोयीने उतरवून घ्या. यात एक खोच आहे : ज्या फोनवरून निर्यात कराल, त्या फोनवर जेवढे संदेश शिल्लक आहेत तेवढेच मिळतात, आणि फोटोंसह सुमारे १०,००० तर फोटोंशिवाय ४०,००० संदेशांपर्यंतच मजल जाते. म्हणून २०१६ पासून ज्याने फोन बदलतानाही जुना संग्रह सांभाळला असेल असा सभासद शोधा, आणि त्याच्याकडून लगेच प्रत घ्या. त्या मजकुरातून पाने करताना सभासदांची नावे आणि क्रमांक गाळा. ते त्यांनी गटापुरते दिलेले आहेत, जगजाहीर करण्यासाठी नव्हे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गटाची मी व्यवस्थापक आहे. एका सभासदाने आक्षेपार्ह मजकूर टाकल्यास मलाच जबाबदार धरतील, या भीतीने दुसऱ्या अ‍ॅपवर जावे असे यजमान म्हणतात.
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : त्यासाठी अ‍ॅप बदलण्याचे कारण नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिलेल्या निकालानुसार, पूर्वनियोजन किंवा समान हेतू असल्याचे दिसत नसेल, तर सभासदाच्या संदेशासाठी केवळ व्यवस्थापक आहे म्हणून कोणाला गुन्हेगार ठरवता येत नाही. तरीही असा मजकूर दिसताच तो आपल्या अधिकारात सर्वांसाठी काढून टाकावा. ही सोय व्हॉट्सअ‍ॅपवर व्यवस्थापकाला आहे. नव्या अ‍ॅपवर गेलात, तरी तो सभासद बरोबर येणारच आहे.

प्रश्न : आम्ही चाळीस पक्षिनिरीक्षक दर हिवाळ्यात नांदूरमधमेश्वरला जातो. नोंदी हरवू नयेत म्हणून सिग्नल या अ‍ॅपवर जावे का?
– एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर : नोंदी टिकवण्यासाठी सिग्नल हे उलट दिशेचे साधन आहे. ते खासगीपणासाठी उत्तम आहे, २०२४ पासून त्यात फोन क्रमांक न दाखवताही बोलता येते. पण एरवी संदेश कंपनीकडे साठत नाहीत, ते आपापल्या फोनवरच राहतात, आणि वेगळी प्रत ठेवली नसेल, तर फोन गोदावरीत पडला की नोंदीही बुडाल्या. नांदूरमधमेश्वर हे रामसर या आंतरराष्ट्रीय यादीत आलेले महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र आहे, तेव्हा तिथल्या नोंदींना आपल्या गटापलीकडेही मोल आहे. त्या कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेच्या ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. तिथून आपल्या सर्व याद्या केव्हाही उतरवून घेता येतात आणि संवेदनशील जातींचे नेमके ठिकाण लोकांपासून झाकले जाते. पहाटे कोणाची गाडी किती वाजता निघणार, एवढे ठरवायला आहे तो गट पुरेसा आहे. घरट्यांचे ठिकाण मात्र त्या गटातही लिहू नका.